सहवास, आठवड्यातून तीनदा

मिरजेत भूपाल मगदूम वकिलांचं नाव काढलं की कोर्टातले जुने लोक आधी हसतात आणि मग जपून बोलायला लागतात. हसतात, कारण सक्तीच्या आरोग्यविम्याचा कायदा आला तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात या एकट्या गृहस्थाने त्याच्याविरुद्ध दंड थोपटले होते. जपून बोलतात, कारण तो दावा ते अर्धा जिंकले होते.

कायदा साधा होता. देशातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने आरोग्यविमा घ्यायचाच. मगदूमांचं म्हणणं त्याहून साधं होतं. "माझं शरीर, माझा ताप, माझं मरण. सरकार मधे कोण? आज विमा घे म्हणतात, उद्या छत्री घे म्हणतील." त्यावर सरकारी वकील म्हणाला, छत्री न घेणारा एकटा भिजतो. विमा न घेणारा आजारी पडला तर त्याला दवाखान्याच्या दारातून कोणी हाकलू शकत नाही, आणि त्याचा भार बाकीच्यांनी उचलायचा. न्यायाधीशांना ते पटलं. खरं सांगायचं तर मगदूमांनाही थोडंसं पटलं होतं, पण तसं कबूल करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

विमा सक्तीचाच राहिला. मात्र मगदूमांनी हट्टाने एक कलम त्यात घालायला लावलं. विम्यातून मिळणारी कुठलीही सेवा, देणारा आणि घेणारा अशा दोघांच्या राजीखुशीनेच चालेल. दोघांपैकी कोणीही केव्हाही नाही म्हणू शकेल. आणि नाही म्हणणाऱ्याला कारण विचारता येणार नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. बाररूममध्ये त्याला 'मगदूम कलम' म्हणत. त्यांच्या पत्नी शशिकला हे ऐकून म्हणाल्या होत्या, "बाहेर कारण विचारायचं नाही, आणि घरात मी भाजीत मीठ कमी का घातलं याची उलटतपासणी!" पुढे दोन वर्षांत शशिकला गेल्या. मूलबाळ नव्हतं. वकिली आधीच सोडली होती. उलटतपासणी घ्यायला घरात कोणी उरलं नाही.

विम्याबरोबर तीळ आला. म्हणजे तिळाएवढा एक संवेदक, डाव्या मनगटाच्या जरा वर कातडीखाली बसवलेला. साखर, रक्तदाब वगैरे तो बघायचाच, पण त्याची खरी करामत वेगळी होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आतून कसल्या तयारीत आहेत, हे तो ओळखायचा.

ही तयारी समजून घ्यायला हवी. आपलं शरीर फार जुनं आहे. माणूस टोळीत राहायचा तेव्हा टोळीतल्या माणसाला रोग चिकटायचे ते दुसऱ्या माणसांकडून. टोळीतून बाहेर पडलेल्याला भीती असायची ती जखमेची, जनावराच्या दातांची. म्हणून माणसांत वावरणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी विषाणूंशी लढणारी जनुकं जागी ठेवतात, आणि एकट्या पडलेल्याच्या पेशी ती मंद करून जखमेच्या तयारीला लागतात, म्हणजे अंगात दाह धुमसत ठेवतात. आता मिरजेत बंगल्यात राहणाऱ्या माणसाला कुठलं जनावर चावायला येणार? पण पेशींना हे कोण सांगणार! त्या आपल्या वर्षानुवर्षं जखमेची वाट बघतात, आणि त्या धुमसण्याने रक्तवाहिन्या, सांधे, स्मरणशक्ती हळूहळू खराब होत जातात. तीळ हा दाह मोजून एक आकडा द्यायचा. त्याला दाहांक म्हणत. तो साठाच्या वर गेला की माणूस एकटेपणाने आजारी आहे असं धरायचं.

इथे सक्तीने एक गंमत केली. लोकांना विमा सोडता येत नव्हता, तसं विमा मंडळालाही कुठल्याच माणसाला सोडता येत नव्हतं. आजचा एकटा म्हातारा म्हणजे उद्याची हृदयाची शस्त्रक्रिया, आणि ती मंडळाच्याच गळ्यात पडणार. त्यापेक्षा आत्ताच कोणीतरी जाऊन त्याच्याशी चार शब्द बोललेले परवडतात, असं मंडळाच्या लक्षात आलं. म्हणून सोबती नेमले गेले. रीतसर प्रशिक्षण, गळ्यात ओळखपत्र, आणि ठरावीक घरं.

मगदूमांचा दाहांक ब्याऐंशी निघाला. औषधाच्या चिठ्ठीवर लिहून आलं : सहवास, आठवड्यातून तीनदा.

*

दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी दारावरची घंटा वाजली. बाहेर चाळिशीची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, चेहरा उन्हाने लाल झालेला.

"मी नसीम शिकलगार. मंडळाकडनं आलेय. तुमची सोबती."

"मला कुणाची गरज नाही," मगदूम दार अडवून म्हणाले. "आणि मी नाही म्हटल्यावर कारण विचारायचं नाही, असा कायदा आहे. तो मीच आणलाय."

"ठाऊक आहे की वकीलसाहेब. ट्रेनिंगमध्ये तुमचं कलम पाठ करून घेतलंय आमच्याकडनं." तिने पदराने कपाळ पुसलं. "नाही म्हणा, लगेच जाते. पण आधी पाणी द्या. स्टँडपासनं उन्हातनं चालत आलेय."

पाणी मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. मगदूमांनी दोन पेले आणले. ती व्हरांड्यातल्या शशिकलाबाईंच्या खुर्चीत बसली आणि एकेक घोट घेत सावकाश प्यायली. मगदूमांनी सवयीप्रमाणे उभ्याउभ्या आपला पेला घशात ओतला.

"पाणी बसून प्यावं, सावकाश," ती म्हणाली. "एवढी कसली घाई? कोर्टात तारीख आहे का आज?"

घरात त्यांना असं कोणी बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. रागवावं की काय करावं याचा निकाल लागेपर्यंत ती "गुरुवारी येते" म्हणून फाटकापर्यंत पोचलीसुद्धा. नाही म्हणायचं राहून गेलं. गुरुवारीही राहिलं.

नसीमचे वडील सतारीला पॉलिश करायचे. मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत तिचं घर होतं आणि घरात म्हातारी आई. नवऱ्यापासून ती केव्हाच वेगळी झाली होती, आणि त्याबद्दल ती "ते प्रकरण निकाली निघालंय" एवढंच सांगायची. मगदूमांना हे वाक्य फार आवडलं.

सोबत्याने धर्मावर आणि राजकारणावर बोलायचं नाही असा मंडळाचा नियम होता. ही दोघं दुसरं काही बोललीच नाहीत. मगदूमांनी तिला वाद घालायला शिकवलं. ती चुकीचा मुद्दा मांडायला लागली की ते खुर्चीच्या हातावर टिचकी मारून "हरकत!" म्हणायचे. महिनाभरात तीच त्यांना हरकत घ्यायला लागली.

एकदा विषय निघाला तो नेमका सक्तीचा.

"माणसाला मूर्खपणा करायचा हक्क पाहिजे," मगदूम म्हणाले. "विमा घ्यायचा नसेल तर न घेण्याचा हक्क पाहिजे."

"हरकत," नसीम म्हणाली. "आमच्या अब्बांनी तो हक्क जन्मभर वापरला. पुढच्या वर्षी घेऊ, पुढच्या वर्षी घेऊ. पॉलिशच्या वासाने छाती भरून ते गेले तोवर कायदा आला नव्हता. त्यांना कोणी बखोट धरून विमा घ्यायला लावलं असतं ना, तर मी आज त्या माणसाच्या पाया पडले असते."

मगदूमांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. सरकारी वकिलाला दिलं होतं तेच. त्यांनी ते दिलं नाही. "हरकत मान्य," असं म्हणून ते चहा ठेवायला आत गेले.

थंडीत रमजान आला. मगदूमांचा देवाशी जुना वाद होता, पण दिवस मावळायच्या आत जेवण उरकायची आणि नंतर पाण्याचा घोटही न घेण्याची जैन घरातली सवय त्यांनी सोडली नव्हती. शशिकलाबाई कडक पाळायच्या, त्यांच्यामागे तेवढंच चालू राहिलं होतं. आता गंमत अशी झाली की सूर्य बुडायच्या आत यांचं ताट संपायला हवं, आणि सूर्य बुडाल्याशिवाय हिला घोटभर पाणी नाही. दोघंही व्हरांड्यातून पश्चिमेकडे बघत बसायची. हे घास उरकत असायचे, ती खजुराची डबी मांडीवर घेऊन वाट बघत असायची. पहिल्या दिवशी मगदूम जेवून आत निघाले आणि थबकले. ती एकटी बसून खाणार, हे त्यांना बरं वाटेना. मग रमजानभर ते रोज तिचा रोजा सुटेपर्यंत रिकाम्या ताटासमोर बसून राहिले. आठवड्यातून तीनदाच यायचं असताना ती त्या महिन्यात रोज आली. घरी जाताना वाटेतच आहे, म्हणायची. वाटेत मुळीच नव्हतं.

*

आषाढ लागता लागता मंडळाचा निरोप आला. दाहांक चौसष्टावर उतरल्याबद्दल अभिनंदन. भाद्रपदातल्या तिमाही तपासणीत तो साठाच्या खाली गेला की उपचार पूर्ण झाला असं समजण्यात येईल.

"पास व्हायला आलात की वकीलसाहेब!" नसीमला खरोखर आनंद झाला होता. "माझ्या यादीतले सगळ्यात अवघड म्हणून तुम्हाला दिलं होतं मला."

"मग नंतर?"

"नंतर काय? दुसरं घर मिळेल."

"तसं नाही. चहाला वगैरे येशील ना?"

तिचा चेहरा उतरला. बऱ्या झालेल्या माणसाकडे सोबत्याने वर्षभर पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. कुठल्याशा गावी एका आजीने आपलं घर सोबत्याच्या नावावर करून दिलं, नातेवाईक कोर्टात गेले, तेव्हापासून तो निघाला होता. नियम मोडला तर नोकरी जायची.

मगदूमांनी हयातभर दुसऱ्यांची बाजू मांडली होती. परक्या माणसाच्या पोटगीसाठी, बांधासाठी, अब्रूसाठी ते तासन्‌तास बोलू शकायचे. पण "तू येणं थांबवू नकोस, मला करमणार नाही" हे एवढं वाक्य त्यांना स्वतःसाठी बोलता आलं नाही. त्याऐवजी त्यांनी कायद्यातली फट शोधायला सुरुवात केली.

फट तर दिसतच होती. आकडा साठाच्या खाली जाता कामा नये.

साखरेच्या तपासणीआधी दोन दिवस गोड बंद करणारी माणसं सगळ्यांच्याच ओळखीची असतात. मगदूमांनीही ते पूर्वी केलं होतं. त्याच हिशेबाने त्यांनी दोन दिवस फोन बंद ठेवला, दुधवाल्याशी बोलले नाहीत, खिडक्या लावून बसले. आकडा ढिम्म हलला नाही. नसीमला त्यांनी सहज म्हणून विचारलं की लोक तिळाला फसवायला बघत असतील, नाही का?

"बघतात की. तपासणीच्या आदल्या दिवशी घरभर पाहुणे जमवतात," ती हसून म्हणाली. "तिळाला तसलं चालत नाही. दोन-तीन महिन्यांची सरासरी धरतो तो. पेशींना सवय लागायला वेळ लागतो आणि सुटायलाही."

म्हणजे दोन-तीन महिने एकटं राहायला हवं होतं. आणि ती तर घरात येत राहणार होती. मग एकच मार्ग उरला. ती यावी, पण तिच्या येण्याचा उपयोग होऊ नये.

चातुर्मास सुरू झाला त्या दिवशी मगदूमांनी एका कागदावर लिहून तिच्यासमोर धरलं की या चातुर्मासात आपण मौन धरलं आहे. शशिकलाबाई असे नेम धरायच्या तेव्हा हेच गृहस्थ त्यांची टर उडवायचे. आता बायकोचाच नेम त्यांनी खोट्या कामाला जुंपला होता. 

"चांगलं आहे की," ती म्हणाली. "आम्ही रोज्यात पाणीसुद्धा घेत नाही, हे तर नुसतं बोलणं. मी आपली गप्प बसेन तुमच्याजवळ."

ती खरंच गप्प बसली. हातात काहीतरी विणकाम घेऊन शशिकलाबाईंच्या खुर्चीत. आणि मगदूमांच्या लक्षात आलं की या गप्प बसण्यानेही आपल्याला बरं वाटतंय. पेशींना शब्दांची गरज नसावी. मग ते आतल्या खोलीत जाऊन बसायला लागले. दार लावून घ्यायचे.

ते दोन महिने मगदूमांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. बायको गेल्यानंतरचा एकटेपणा त्यांनी सोसला होता, पण तेव्हा दाराबाहेर कोणी नव्हतं. आता बाहेर खुर्ची करकरायची, सुया एकमेकींवर आपटायच्या, ती कधी खोकायची. आणि हे आत पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून. पहिले काही दिवस ती दारापाशी येऊन बाजारातल्या बातम्या सांगायची, सरकारी वकिलाच्या आवाजात एखादा मुद्दा मांडून "हरकत आहे का?" विचारायची. हळूहळू तेही कमी झालं. जाताना मात्र म्हणायची, "येते, वकीलसाहेब." फाटकाचा आवाज झाला की मग हे बाहेर येऊन त्या खुर्चीकडे बघत उभे राहायचे.

श्रावणात एकदा ती आली ती घाईघाईने, चपला न काढताच. दाराशी येऊन बोलायला लागली. बोलता बोलता रडत होती. आई न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया करावी लागणार होती. डॉक्टर काय म्हणतात ते कळत नव्हतं आणि घरात विचारायला दुसरं माणूस नव्हतं. "बोलू नका तुम्ही, नेम मोडू नका," ती म्हणाली, "नुसतं दार उघडा. कोणीतरी समोर पाहिजे हो."

मगदूमांचा हात कडीवर होता. कडी थंड लागत होती. आज दार उघडलं तर आजवरचं सगळं वाया जाईल, असं त्यांच्यातला वकील सांगत होता. अजून थोडेच आठवडे, मग ही वर्षानुवर्षं येत राहील. मग हिच्यासाठी काय वाटेल ते करू. ते कडीवर हात ठेवून उभे राहिले. ती थोडा वेळ थांबली. त्या दिवशी जाताना ती "येते" म्हणाली नाही.

*

भाद्रपदात तपासणी झाली. दाहांक एकोणऐंशी.

मगदूमांनी आनंदाने टाळी वाजवली. इतका वाईट आकडा आल्याचा एवढा आनंद मंडळाच्या इतिहासात कोणाला झाला नसेल. त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. मौन सुटलं असं जाहीर करायचं, आधी आईची चौकशी करायची, माफी मागायची, सगळं ठरवलं. दुधाचं भांडं गॅसवर चढवलं. घंटा वाजली तसे ते जवळजवळ धावतच दाराकडे गेले.

दारात मिशीवाले एक गृहस्थ उभे होते. हातात पत्त्यांचा जोड.

"मी शिरगुप्पे. रिटायर्ड पोस्टमास्तर. तुमचा नवा सोबती."

"नसीमबाई कुठायत?"

"त्यांना बदललं," शिरगुप्पे आत येत म्हणाले. "तीन महिन्यांत तुमचा आकडा पंधराने चढला ना! त्यांचा सहवास तुम्हाला लागू पडेना. औषध लागू पडलं नाही की डॉक्टर औषध बदलतो, तसंच आहे हे. त्यांच्याकडची बाकीची घरंही काढून घेतलीत म्हणे. पुन्हा ट्रेनिंग, आणि त्यात नाही सुधारल्या तर मग घरीच. रमी येते का तुम्हाला?"

आत दूध उतू गेलं. मगदूम तिथेच उभे होते. जन्मभर ज्यांनी समोरच्या पक्षाच्या तीन-तीन खेळी आधी ओळखल्या, त्यांना एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. रोगी बरा झाला नाही तर दोष औषधाला लागतो.

दुसऱ्या दिवशी ते सांगलीला मंडळाच्या कार्यालयात जाऊन थडकले. तिथल्या अधिकारी, वैद्य आडनावाच्या शांत बाई, त्यांना नावाने ओळखत होत्या. मगदूमांनी मागणी केली की नसीम शिकलगार यांना समोर बोलवावं, त्यांच्यादेखत आपल्याला निवेदन करायचं आहे. नसीम आली. वाळली होती. त्यांच्याकडे न बघता खुर्चीत बसली.

मग भूपाल मगदूम आयुष्यात पहिल्यांदा स्वतःविरुद्ध उभे राहिले. त्यांनी काही लपवलं नाही. आषाढातला निरोप, मौनाची बतावणी, बंद दार, सगळं क्रमाने सांगितलं. "औषधात काही खोट नव्हती," ते म्हणाले. "रोग्याने ते घेतलंच नाही. तोंडात धरून थुंकून टाकलं. कारण बरा झालो असतो तर ही यायची थांबली असती."

वैद्यबाईंनी पेन खाली ठेवलं. मग नसीमने पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं.

"आई पडली त्या दिवशी पण?"

"हो."

"आत होता तुम्ही? ऐकत होता?"

"कडीवर हात होता माझा."

नसीमने मान खाली घातली आणि ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली.

वैद्यबाईंनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. नसीमवरचा शेरा पुसला गेला, तिची घरं तिला परत मिळाली. मगदूमांना उपचारात अडथळा आणल्याबद्दल ताकीद मिळाली. मग बाईंनी नवी माहिती यंत्रात भरली आणि यंत्राने क्षणात नवा सल्ला काढला. दाहांक एकोणऐंशी, उपचार आवश्यक. याआधी सर्वाधिक गुण आलेला सोबती : नसीम शिकलगार. सहवास, आठवड्यातून तीनदा.

मगदूमांना जे हवं होतं ते सगळं त्या पडद्यावर आलं होतं.

"दोघांची संमती लागेल," वैद्यबाई म्हणाल्या. "ते तर तुम्हाला माहीतच आहे."

मगदूमांनी 'हो' वर बोट टेकवलं. बोट ओलं झालं होतं, दोनदा टेकवावं लागलं. पडदा नसीमकडे वळवला गेला. तिने फार वेळ घेतला नाही.

पडद्यावर अक्षरं आली : सोबत्याचा नकार. कारण विचारता येणार नाही.

आपलं वाक्य मगदूमांनी शब्दन्‌शब्द ओळखलं.

*

जैनांचं पर्युषण पर्व संपलं. शेवटी क्षमावणी येते. त्या दिवशी वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायची असते. मगदूम दरवर्षी त्याचा तयार मजकूर एका बटणासरशी तीनशे माणसांना पाठवायचे, आणि तीनशे माणसांकडून तसलाच मजकूर त्यांना यायचा. कोणी कोणाला दुखावलेलं नसायचं, कारण कोणी कोणाला भेटलेलंच नसायचं.

यंदा त्यांनी कोणालाच काही पाठवलं नाही. दुपारचं ऊन कलल्यावर ते पायीच निघाले. सतारवाल्यांच्या गल्लीत ते पूर्वी कधी आले नव्हते. सतारींचे भोपळे वाळत पडलेले, कुठेतरी कोणी एकच तार पुन्हा पुन्हा छेडून सूर लावत होतं. दोन ठिकाणी विचारून त्यांनी घर शोधलं आणि कडी वाजवली.

नसीमने दार उघडलं. आत कॉटवर आई पाय लांब करून झोपली होती.

"मी आत येत नाही," मगदूम घाईने म्हणाले. "एकदाच बोलतो आणि जातो. नको म्हटलेल्याच्या दारात बसून राहणं हीसुद्धा सक्तीच. आमच्यात आजच्या दिवशी क्षमा मागतात. मी खोटा नेम धरला. तू दारापाशी रडत होतीस तेव्हा दार उघडलं नाही. त्याची क्षमा मागतो."

त्यांना वाटलं होतं आपण आणखी बरंच बोलू. पण एवढ्यात संपलं.

नसीम चौकट धरून उभी होती. "केली," ती म्हणाली. "मनापासून केली. पण येणार नाही मी, वकीलसाहेब."

त्यांनी 'का?' असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरं," ते म्हणाले. "आई कशी आहे?"

"वॉकर धरून चालते थोडी."

"छान."

ते वळले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दोन घरं ओलांडतात तोच मागून हाक आली, "थांबा."

ती पाण्याचा पेला घेऊन उंबऱ्याशी उभी होती. "पाणी पिऊन जा. उन्हातनं आलाय. आता दिवस मावळला की तुम्हाला चालायचं नाही."

मगदूम परत आले. दाराबाहेरच्या पायरीवर बसले. गल्लीच्या टोकाला सूर्य छपरांना टेकला होता. तो बुडायला थोडाच वेळ उरला होता. तिने पेला दिला आणि रिकामा पेला परत घेण्यासाठी ती दारातच थांबली.

त्यांना तहान खूप लागली होती. तरी त्यांनी एकच घोट घेतला आणि पेला गुडघ्यावर ठेवला. मग बऱ्याच वेळाने दुसरा. पेल्यात पाणी होतं तोवर ती उभी राहणार होती.